पांढरं गवत आणि मधेच उठून जाणारी थंडी

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचच्या अंधारात गाड्या महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकडे का पळतात, हे आम्हा सातारकरांना कुणी सांगावं लागत नाही. लिंगमळ्याच्या गवतावर, तलावाच्या जेटीवर, रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपावर दहिवर गोठतं आणि सगळं पांढरं होतं. ते मुठीत गोळा करायचं, फोटो काढायचे, हात चोळत चहा घ्यायचा आणि उन्हाची वाट बघायची. एवढीच मजा, पण तिच्यासाठी मुंबई-पुण्याहून माणसं झोपमोड करून येतात.

एखाद्या वर्षी मात्र ऐन हंगामात आभाळ येतं. गवत नुसतं ओलं राहतं, लोक स्वेटर हातावर टाकून उभे असतात आणि कुणीतरी म्हणतंच, "यंदा थंडीच नाही राव, पूर्वी असं नव्हतं."

हे 'पूर्वी' कधीचं, ते जरा बघू.

महाबळेश्वरचं क्षेत्र जुनंच, पण हवा खायला जायचं गाव म्हणून ते घडलं एकोणिसाव्या शतकात. 1824 मध्ये लॉडविक हा इंग्रज अधिकारी डोंगर चढून वर गेला. पुढे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून 1829 च्या तहाने ही जागा घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. वरच्या बाजारपेठेला माल्कम पेठ हे नाव त्याच्यावरूनच पडलं. या सगळ्या खटाटोपामागे थंडीचा शौक नव्हता, मुंबईच्या उकाड्यातून सुटका हवी होती. त्यामुळे हंगाम दोनच: उन्हाळा, आणि पाऊस उघडल्यावरचे थोडे दिवस. पावसाळ्यात पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळायचा, तेव्हा गाव ओस. हिवाळ्यात साहेब लोक खाली मुंबईतच मजेत असत. वेण्णा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये बांधला, तोही वरच्या वस्तीला पाणी मिळावं म्हणून. नावा आणि घोडे नंतरचे.

म्हणजे गवत तेव्हाही पांढरं होत असणार, फक्त ते बघायला पर्यटक नव्हते. नाताळची सुटी, थर्टी फर्स्ट, घरोघरी आलेल्या मोटारी आणि वर्तमानपत्रात छापून येणारा गोठलेल्या जेटीचा फोटो, यांनी हा तिसरा हंगाम उभा केला. त्याला फार तर दोन पिढ्या झाल्या असतील.

आता दव गोठतं कसं? ही विद्या जुनी आहे आणि ती आपल्याकडच्याच एका धंद्यात दिसते. उत्तरेत अलाहाबादकडे उथळ खड्ड्यांत उसाची चिपाडं आणि पेंढा पसरून त्यावर मातीच्या सछिद्र परळांत पाणी ठेवत आणि पहाटे बर्फाच्या पापड्या गोळा करत. रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने 1775 मध्ये हे लिहून ठेवलं. हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी बर्फ धरायचा. अट एकच, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला. ढग आले की परळांत नुसतं पाणी. याचं कारण विल्यम वेल्स याने 1814 मध्ये दवाच्या अभ्यासातून मांडलं: रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देतात आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतात. वर ढग असले तर तीच उष्णता बरीचशी परत खाली येते. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडीच.

वेण्णा तलावाचा परिसर गावापेक्षा खालच्या अंगाला आहे. गार हवा जड असते, ती रात्री उतरून तिथेच साचते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पेटीत असतो. म्हणून पेपरात 'किमान सहा अंश' येतं आणि त्याच पहाटे जेटी पांढरी असते. दोन्ही खरंच असतं, तरी यावरून दरवर्षी वाद होतात.

उरला प्रश्न आभाळाचा. हिवाळ्यात ते आणणारे तसे ओळखीचे. उत्तरेतून सरकणारे पश्चिमी झंझावात, नाहीतर बंगालच्या उपसागरातून किंवा अरबी समुद्रातून येणारी बाष्पाची लाट. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाने ते आणलं. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात धो-धो पाऊस झाला. दिवसा हुडहुडी भरली, पण ती ओली थंडी, दव गोठवणारी नव्हे. नोव्हेंबर 2024 च्या शेवटी फेंगल वादळ पुद्दुचेरीजवळ आदळलं आणि इथे आमच्या रात्री उबदार झाल्या.

घाटाखाली हीच गोष्ट खेळापुरती राहत नाही. माण, खटाव, जत, आटपाडीकडे शाळू हुरड्यावर आला की रानात आगटी पेटते, पाव्हणे येतात, गरम हुरड्याबरोबर चटणी, दही, गूळ. मळभ टिकलं की शाळवावर मावा ही कीड पडते, पानं चिकट होतात आणि हुरड्याचं आमंत्रण पुढे ढकललं जातं. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराला तर ढग दिसला की झोप लागत नाही: डाऊनी, भुरी हे रोग, आणि पाऊस झालाच तर मणी तडकणार. पर्यटकाची एक पहाट जाते, बागायतदाराचं अख्खं वर्ष जातं. आपण हळहळताना ही मापं एक करू नयेत, असं मला वाटतं.

मग पूर्वी असं नव्हतं, हे खोटं? पूर्ण नाही. दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. आभाळ येऊन चार-आठ दिवस थंडी पळणं जुनंच, बार्करच्या बर्फवाल्यांनाही ते ठाऊक होतं. हिवाळ्याचं शेपूटच तापणं ही वेगळी गोष्ट. फेब्रुवारी 2023 मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या नोंदींत त्या महिन्यासाठी सर्वाधिक ठरलं. त्याचा दोष एखाद्या ढगावर ढकलता येत नाही.

आभाळ फिटलं की थंडी मात्र परत येते, आणि कधी चांगलीच दणकून. फेंगलनंतर पंधरा दिवसांतच, डिसेंबर 2024 च्या मध्यावर, राज्यात कडाक्याची थंडी पडली. पहिल्या आठवड्याचं बुकिंग केलेले लोक तोवर स्वेटर घडी करून घरी परतले होते. आमच्या घरचेही त्यातच.