क्लिपर मॉडेलच्या डोलकाठ्या आणि यार्ड

क्लिपर म्हणजे 19व्या शतकाच्या मध्यात चहासारखा माल लवकर पोचवायला बांधलेलं निमुळतं, भरपूर शिडांचं वेगवान जहाज. त्याच्या छोट्या मॉडेलवर डोलकाठ्या उभ्या करणं, त्यांच्यावर शिडं बांधायच्या आडव्या दांड्या म्हणजे यार्ड बसवणं आणि हे सगळं दोऱ्यांनी ताणून जागच्या जागी धरणं, हा या छंदातला सगळ्यात वेळखाऊ आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग आहे. खालचं जहाज कितीही गुळगुळीत झालेलं असू दे, एक काठी वाकडी दिसली की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते.

वडोदऱ्याला समुद्र नाही, विश्वामित्री आहे आणि तिच्यात मगरी आहेत, तरी या कामाला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे हाताशी मिळतात. मंगळबजारात दोरा मिळतो, उत्तरायणानंतर फाटलेल्या पतंगांच्या बांबूच्या काड्या अगाशीत पडलेल्या असतात, आणि लाकूड चरकावर म्हणजे लेथवर फिरवणारे संखेड्याचे खरादी फार लांब नाहीत. मी दांडिया बजारातल्या घरी हे काम करतो, त्यामुळे पुढचं बरंचसं त्या टेबलावरच्या अनुभवातून आलंय.

मॉडेलसाठी सगळ्यात जास्त निवडलं जाणारं जहाज म्हणजे कटी सार्क. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला 22 नोव्हेंबर 1869 ला ते पाण्यात उतरलं, सुएझ कालवा उघडला त्यानंतर पाचच दिवसांनी, म्हणजे ज्या चहाच्या धंद्यासाठी ते बांधलं तो वाफेच्या बोटींकडे जायला तेव्हाच सुरुवात झाली होती. आज ते लंडनमध्ये ग्रीनिचला ठेवलेलं आहे. अमेरिकन क्लिपर करायचं असेल तर डोनाल्ड मॅके यांनी बॉस्टनला बांधलेलं, 1851 चं फ्लाइंग क्लाउड लोकांना आवडतं, जे पहिल्याच सफरीत केप हॉर्नला वळसा घालून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला 89 दिवसांत पोचलं होतं. कुठलं जहाज आणि त्याचं कुठलं वर्ष हे आधी ठरवावंच लागतं, कारण 1850 च्या आसपासच्या क्लिपरवर डोलकाठ्या धरणारे दोर जाड, हेम्प नावाच्या अंबाडीसारख्या धाग्याचे, डांबर लावलेले असायचे आणि कटी सार्कवर त्याच कामाला लोखंडी तारेचा दोर आहे, जो बारीक असतो. इथे पुष्कळ जण चुकतात, जाड काळा दोरा सगळीकडे लावतात आणि मग जहाज जाळ्यात सापडल्यासारखं दिसतं.

आता आकड्यांत बघू. कटी सार्कची मधली म्हणजे मेन डोलकाठी सुमारे 152 फूट उंच आणि तिच्यावरचं सगळ्यात खालचं यार्ड 78 फूट लांब. 1:96 स्केलला, म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलवर एक अष्टमांश इंच धरलं, तर काठी साधारण 48 सेंटीमीटर होते आणि ते यार्ड जेमतेम 25 सेंटीमीटर. खऱ्या जहाजावर एकूण 11 मैल दोर आहे असं सांगतात, त्याचा हिशोब केला तर मॉडेलवर 180 मीटरच्या थोडा वर दोरा होतो. पतंगाच्या एका फिरकीत याच्या कितीतरी पट मांजा असतो, फक्त इथे त्यातला इंच न् इंच गाठ मारून लावायचा असतो.

डोलकाठी एक अखंड काठी नसते, हे पहिलं समजून घ्यायचं. खाली जाड लोअर मास्ट, त्याच्या पुढच्या अंगाला थोडा भाग एकमेकांवर येईल असा टॉपमास्ट, आणि त्याच्यावर तसाच टॉपगॅलंट, ज्याचंच वरचं टोक पुढे रॉयल म्हणून जातं. जिथे दोन काठ्या शेजारी शेजारी येतात त्या जागेला डबलिंग म्हणतात. तिथे वर दोन भोकांचा कॅप असतो, एका भोकात खालच्या काठीचं डोकं बसतं आणि दुसऱ्यातून वरची काठी निघते, आणि वरच्या काठीच्या बुडाशी आरपार एक चौकोनी खुंटी असते तिला फिड म्हणतात, सगळं वजन त्या खुंटीवर. असं का केलं, तर एवढ्या उंचीचं सरळ एकच झाड मिळणं कठीण, आणि वादळात वरचा तुकडा मोडला तर तेवढाच बदलता यावा म्हणून. मॉडेलवर डबलिंग करताना दोन्ही काठ्या समोरून आणि बाजूनं एका रेषेत आहेत का ते बघायचं, मी ग्राफपेपरवर रेष मारून त्याच्यावर आडवं ठेवून चिकटवतो. डोलकाठ्या अगदी काटकोनात उभ्या नसतात, थोड्या मागे कललेल्या असतात, आणि बहुतेक क्लिपरवर पुढून मागे जाताना तो कल वाढत जातो. तिन्ही समांतर केल्या की जहाज मेल्यासारखं दिसतं.

काठी कशी करायची याच्यावर मतं खूप आहेत. बाजारात गोल दांड्या तयार मिळतात पण त्यांचे रेषे बरेचदा तिरके असतात आणि पहिल्या पावसाळ्यात त्या वाकतात. मी सरळ रेषेचा सागाचा तुकडा घेऊन चौकोनी पट्टी काढतो, आधी चौकोनातच चारी बाजूंनी निमुळती करतो आणि मग कोपरे काढून अष्टकोन करतो. कोपरा किती काढायचा याला जुना हिशोब आहे, पट्टीची रुंदी 7, 10, 7 अशा तीन भागांत वाटायची आणि त्या दोन रेषांपर्यंत कोपरा उतरवायचा, आठही बाजू सारख्या येतात. मग आठाच्या सोळा, आणि मग ड्रिलमध्ये टोक धरून हळू फिरवत सँडपेपर चिमटीत धरायचा. चिमटी फार घट्ट झाली की लाकूड तापतं, बोटांना चटका बसतो आणि त्या जागी काठीला कंबर पडते जी नंतर भरता येत नाही, म्हणून बोटं सतत पुढे मागे सरकत राहिली पाहिजेत. मोठ्या चरकावर हे जमत नाही, संखेड्याच्या पाळण्याचा दांडा तिथे मस्त होतो पण तीन मिलिमीटरची लांब काडी चरकावर मध्ये थरथरते आणि तुटते.

यार्डला दोन्हीकडे उतार असतो, मधे जाड आणि टोकाला साधारण अर्धं. रॉयल आणि त्याच्या वरचं स्कायसेल यार्ड एवढं बारीक होतं की सागाचं टोक मोडतं, तिथे पतंगाच्या जाड काडीतून चिरलेला बांबू चालतो, त्याचे रेषे अखंड असतात.

यार्डना त्यांच्या शिडांची नावं असतात, एका डोलकाठीवर ती खालून वर मोजायची: कोर्स म्हणजे सगळ्यात खालच्या शिडाचं, लोअर टॉपसेल, अपर टॉपसेल, टॉपगॅलंट, रॉयल. कटी सार्कच्या मेनवर याच्या वर स्कायसेल पण आहे, म्हणजे सहा. पूर्वी टॉपसेल एकच आणि प्रचंड मोठं असायचं, 1850 नंतरच्या काळात त्याचे दोन केले म्हणजे कमी माणसांत आवरता येईल. आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती ही, की ही सगळी यार्ड एका जागी ठोकलेली नसतात. कोर्स आणि लोअर टॉपसेल जागेवर स्थिर, पण अपर टॉपसेल, टॉपगॅलंट, रॉयल ही शीड उघडताना वर चढवायची आणि शीड आवरलं की खाली उतरवायची. म्हणून मॉडेलवर शिडं लावणार नसाल तर ही यार्ड खाली उतरलेलीच दाखवली पाहिजेत, अपर टॉपसेलचं यार्ड लोअरच्या थोडंसंच वर, आणि टोकांना धरणाऱ्या लिफ्ट नावाच्या दोऱ्या ताणलेल्या. शिडं नाहीत आणि यार्ड मात्र सारख्या अंतरावर शिडीसारखी चढलेली, असं खरं जहाज बंदरात उभं राहत नाही. मी पहिलं मॉडेल असंच केलं होतं आणि पाच वर्षांनी सगळं उतरवून परत बांधलं.

यार्डचं जेवढं काम टेबलावर होईल तेवढं करून मगच ते वर चढवायचं. वरच्या अंगाला शीड बांधायची जॅकस्टे नावाची बारीक सळई, टोकाला ब्लॉक म्हणजे कप्प्या, आणि खाली फूटरोप, ज्याच्यावर खलाशी उभे राहून शीड आवरायचे. फूटरोप यार्डच्या सुमारे तीन फूट खाली लोंबतो, 1:96 ला एक सेंटीमीटरला थोडा कमी. दोरा हलका असल्यामुळे तो आपोआप झोळ घेत नाही, ताठ काटक्यासारखा उभा राहतो. त्याला पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल लावून, मधे मधे चिमटे लटकवून रात्रभर ठेवायचं, सकाळी झोळ बरोबर बसलेला असतो.

दोऱ्यांचे दोन प्रकार. डोलकाठ्या धरून ठेवणारं स्टँडिंग रिगिंग, ते काळपट, आणि यार्ड, शिडं हलवणारं रनिंग रिगिंग, ते फिकट तपकिरी. दोन्ही दोरे आधी मधमाशीच्या मेणातून ओढायचे म्हणजे लव बसते. काठीच्या बाजूनं खाली येणारे श्राउड जोडीनं लावतात, पहिली जोडी उजवीकडे, मग डावीकडे, मग परत उजवीकडे, आणि खाली ते तीन भोकांच्या लाकडी चकतीला म्हणजे डेडआयला येतात. वरच्या सगळ्या चकत्या एका रेषेत यायला पाहिजेत, म्हणून तारेचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी वाकवून माप म्हणून वापरतात. पुढे ओढणारे स्टे आधी कसून बांधले आणि मागचे बॅकस्टे नंतर, तर टॉपगॅलंट पुढे केळ्यासारखा वाकतो, माझा वाकला आहे, तेव्हा दोन्ही थोडे थोडे, आलटून पालटून ताणायचे.

श्राउडवर आडव्या रॅटलाइन येतात, खलाशांच्या चढायच्या पायऱ्या, खऱ्या जहाजावर 13 ते 15 इंचांवर आणि मॉडेलवर साडेतीन चार मिलिमीटरवर. कडेच्या दोन श्राउडवर साधी गाठ आणि मधल्या प्रत्येकावर क्लोव्ह हिच, स्काउटात खुंट्याला बांधायला शिकवतात तीच. अशा गाठी एका मॉडेलवर शेकड्यांनी होतात. ज्यानं लहानपणी पतंगाचे किन्ने, म्हणजे मांजा जोडायच्या गाठी, बांधलेत त्याचा हात लवकर बसतो, कारण सवय तीच आहे, गाठ नखानं सरकवून जागेवर नेणं आणि मगच ओढणं. गाठ जास्त ओढली तर श्राउड आत खेचले जाऊन बाजूनं कंबर दिसते, म्हणून मागे रेषा आखलेला कागद लावून काम करतात.

बांधायचा क्रम आतून बाहेर आणि खालून वर. काठीच्या बुडाशी फाइफरेल नावाचं खुंट्यांचं कठडं असतं, तिथे येणारे दोर श्राउड लागले की हाताला सापडत नाहीत, म्हणून ते आधी. यार्ड फिरवणारे ब्रेस सगळ्यात शेवटी, ते बाहेरून जातात आणि बाही त्यांनाच अडकते. ब्रेस खुंटीला गुंडाळून थेंबभर गोंद लावला की उरलेला दोरा कापून टाकायचा, आणि खुंटीवर जी दोराची गुंडाळी दिसते ती वेगळी करायची, दोन टाचण्यांवर गुंडाळून, फेविकॉलच्या पाण्यात ओली करून, वाळल्यावर खालचं टोक थोडं चेपून मग टांगायची.