कथासाहित्यातील अलैंगिकतेचे चित्रण

कादंबरी, नाटक, चित्रकथा, चित्रपट आणि मालिका यांतून अलैंगिक व्यक्ती कशा रंगवल्या जातात, याचा विचार या नोंदीत केला आहे. इतरांविषयी लैंगिक आकर्षण न वाटणे किंवा क्वचितच वाटणे म्हणजे अलैंगिकता. तिचा ब्रह्मचर्याशी संबंध नाही. व्रतस्थ माणूस इच्छेला आवर घालतो. इथे आवरावी अशी इच्छाच नसते. प्रेमात पडण्याची ओढ मात्र अनेक अलैंगिकांना असते. ज्यांना तीही नसते ते अरोमँटिक. कथाकार या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात.

जुन्या साहित्यात अशी पात्रे शोधताना जपून राहावे लागते. ग्रीक नाटककार युरिपिडीझच्या ‘हिपॉलिटस’ (इ.स.पू. ४२८) या नाटकाचा नायक शिकारीत आणि कुमारी देवता आर्टेमिसच्या भक्तीत रमतो, प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडायटीला धुडकावतो आणि तिच्या सूडाला बळी पडतो. त्याला आजची ओळख चिकटवणे धाडसाचे ठरेल. पण नकार देणाऱ्याला कथानकाने शासन करायचे, हा साचा पुढेही टिकला. शेरलॉक होम्सच्या वाट्याला शासन आले नाही, कौतुक आले. १८९१च्या एका कथेत वॉटसन सांगतो, की सर्व भावना, त्यातही प्रेम, होम्सच्या काटेकोर बुद्धीला तिटकारा आणणारे होते. आकर्षण नसणे ही अशा रीतीने विलक्षण बुद्धीची किंमत ठरली. यंत्रमानव आणि परग्रहवासी यांच्यावरही हाच गुण वारंवार लादला गेला, जणू साध्या माणसात तो आढळतच नाही.

केरी ह्यूम यांच्या ‘द बोन पीपल’ या कादंबरीला १९८५ साली बुकर पारितोषिक मिळाले. तिची नायिका केरेविन चित्रकार आहे, फटकळ आहे, एकटी राहते, आणि शरीरसंबंधांत तिला रस नाही. ह्यूम स्वतःही अलैंगिक होत्या. कादंबरी या गोष्टीचे कोडे करत नाही, शेवटी केरेविनला ‘बरे’ही करत नाही. त्या काळाच्या मानाने हे दुर्मीळच होते.

डेव्हिड जे यांनी २००१ साली अमेरिकेत अलैंगिकांसाठी ऑनलाइन मंच सुरू केला. त्यानंतर स्वतःला उघडपणे अलैंगिक म्हणवणारा वाचक-प्रेक्षकवर्ग तयार झाला आणि चित्रणाची झडतीही होऊ लागली. ‘हाउस’ या वैद्यकीय मालिकेच्या २०१२च्या एका भागात अलैंगिक जोडपे येते. नवऱ्याची कामेच्छा मेंदूतल्या गाठीमुळे मंदावलेली निघते, बायको अलैंगिक असल्याचे इतकी वर्षे खोटेच सांगत असते, आणि ही अलैंगिकता खरी नसणार हा डॉक्टरांचा संशय खरा ठरतो. या भागावर कडक टीका झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या अमेरिकी मनोविकारपुस्तिकेने मात्र स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्यांना कामेच्छेच्या विकाराचे निदान लावू नये, असे स्पष्ट केले. आर्ची चित्रकथांतला जगहेड २०१६ साली अलैंगिक असल्याचे सांगितले गेले. वर्षभरात आलेल्या ‘रिव्हरडेल’ मालिकेने त्याला सरळ प्रेमप्रकरणात गुंतवले.

खरी अडचण रचनेची आहे. आकर्षण ही घटना असते, ती दाखवता येते. आकर्षणाचा अभाव कसा दाखवणार? कादंबरीत निवेदकाचे मन उघडे करता येते. अ‍ॅलिस ओसमन यांच्या ‘लव्हलेस’मधली (२०२०) जॉर्जिया प्रेमात पडण्याचे प्रयत्न करून थकते आणि प्रेमकथेची जागा हळूहळू मैत्री घेते. पडद्यावर बहुधा एखादे पात्र व्याख्याच म्हणून दाखवते. असे संवाद माहितीपत्रकासारखे वाटतात. ‘बोजॅक हॉर्समन’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेने यातून चांगली वाट काढली. तिच्यातल्या टॉडला स्वतःची ओळख पटल्यावर त्याची कथा संपत नाही. त्याला अलैंगिक जोडीदार मिळते, पण त्या ओळखीपलीकडे दोघांत काहीच समान नसल्याने त्यांचे जमत नाही. ओळख पटणे हाच शेवट मानणाऱ्या कथा इथवर पोहोचत नाहीत.

अलीकडे प्रश्न सहजीवनाकडे वळला आहे. जपानच्या एनएचके वाहिनीवरील ‘कोईसेनु फुतारी’ (२०२२) मालिकेत दोन अरोमँटिक-अलैंगिक माणसे प्रेमाविना कुटुंब म्हणून एकत्र राहून पाहतात, आणि घरच्यांना ते समजावताना त्यांची दमछाक होते. मारिया काव्तारादझे यांचा लिथुआनियन चित्रपट ‘स्लो’ (२०२३) याहून अवघड जागी हात घालतो. नर्तकी एलेनाला स्पर्श हवा असतो. सांकेतिक भाषेचा दुभाषा डोविदास तिच्यावर प्रेम करतो, पण त्याला लैंगिक आकर्षण वाटत नाही. चित्रपट दोघांपैकी कोणालाच दोषी धरत नाही. वयस्क अलैंगिक पात्रे मात्र अजून फारशी दिसत नाहीत. नव्या लेखनाचा बराचसा भाग किशोर आणि तरुण वाचकांसाठीच आहे.