वकिलीच्या पदवीत गुन्हेगारीशास्त्र आलं कुठून?

बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ करताना जोडीला गुन्हेगारीशास्त्र घेता येतं का, हा प्रश्न हल्ली प्रवेशाच्या दिवसांत हमखास ऐकू येतो. घेता येतं. वकिलीचं शिक्षण आणि सनद यांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत ऐच्छिक विषयांचे जे गट दिले आहेत, त्यांत गुन्हे आणि गुन्हेगारीशास्त्राचा स्वतंत्र गट आहे. दंडशास्त्र (म्हणजे शिक्षेचा अभ्यास), तुरुंग प्रशासन, परिवीक्षा (तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सोडणं, प्रोबेशन) आणि पॅरोल, गुन्हेगाराचं मानसशास्त्र असे पेपर त्यात येतात. हे विषय कायद्याच्या इतके जवळचे, तरी कायद्याच्या वर्गात शिरायला त्यांना एवढा उशीर का लागला, हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा 1869 ते 1872 या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. भारतीय पुरावा कायदा त्यानं रचला आणि तो मार्च 1872 मध्ये मंजूर झाला. फौजदारी खटल्यात आरोपीची वाईट चालचलणूक पुरावा म्हणून चालणार नाही, हे तत्त्व त्यातच होतं. माणूस कसा आहे ते सोडा, त्यानं हे कृत्य केलं का तेवढं बोला. आणि याच स्टीफनच्या कारकिर्दीत, जेमतेम पाच महिने आधी, ऑक्टोबर 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला होता. त्यात काय केलं हा प्रश्नच नव्हता. कोणत्या जमातीत जन्मला एवढं पुरे. नोंदणी, हजेरी आणि परवान्याशिवाय हलायचं नाही.

हा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करायची सोय झाली, आणि नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचा अधिकारही सरकारला मिळाला. ठशांचं तंत्र तोवर हाताशी आलेलं होतं. कलकत्त्याला 1897 मध्ये ठशांचं कार्यालय निघालं होतं, आणि बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री याच्या नावानं जगभर गेलेल्या वर्गीकरणामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हाताखालच्या अंमलदारांची डोकी होती. सोलापुरात काटेरी तारांच्या आत या जमातींची वसाहत उभी राहिली. आतली माणसं गिरण्यांत राबायची आणि ठरल्या वेळी हजेरीला उभी राहायची. सोलापूरकर त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. ऑगस्ट 1952 मध्ये कायदा रद्द झाला. 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, पण पुढे मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठीचा 1959 चा कायदा आलाच, आणि पारध्यांच्या पालावर पडणारे छापे काही 1952 मध्ये थांबले नाहीत.

आपल्याकडे गुन्हेगारांचा ‘अभ्यास’ सुरू झाला तो असा, पोलिसी वहीतून. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत मात्र सुरुवात इटलीतून होते. मिलानचा बेकारिया कायद्याचा पदवीधर. 1764 मध्ये त्यानं छळ आणि देहान्ताच्या शिक्षेविरुद्ध छोटंसं पुस्तक लिहिलं, तेही आधी नाव न घालता. शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती नक्की आणि किती लवकर मिळते याला महत्त्व आहे, हा त्याचा मुद्दा. शंभर वर्षांनी लोंब्रोझो आला, तो डॉक्टर. कवट्या मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ शोधणारा त्याचा ग्रंथ 1876 चा. म्हणजे आपल्याकडचा जमाती कायदा त्याच्याहून पाच वर्षांनी जुना. इंग्रज सरकारला जन्मावरून गुन्हेगार ठरवायला शास्त्राची वाट पाहावी लागली नाही. लोंब्रोझोचे साथीदार फेर्री आणि गारोफालो मात्र कायद्याचेच लोक. ‘क्रिमिनोलोजिया’ या नावाचं 1885 चं पुस्तक गारोफालोचं, आणि तो न्यायाधीश होता. थोडक्यात, वकील आणि डॉक्टर यांची ओढाताण या शास्त्रात पहिल्यापासून आहे.

अमेरिकेत 1909 मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात, जॉन विग्मोर हे तिथल्या लॉ स्कूलचे डीन असताना, फौजदारी कायदा आणि गुन्हेगारीशास्त्राची परिषद भरली आणि पुढच्याच वर्षी दोन्ही विषयांचं एक नियतकालिक निघालं. इंग्लंडमध्ये हिटलरच्या काळात युरोपातून आलेल्या मॅनहाइम आणि ग्रूनहुट या जर्मन कायदेपंडितांनी आणि पोलंडच्या राझिनोविच यांनी हा विषय रुजवला. केंब्रिजची गुन्हेगारीशास्त्राची संस्था 1959 ची. तिथून पुढे तिकडच्या विद्यापीठांत कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र अशी जोडपदवी नेहमीची झाली.

आपल्याकडे तसं का झालं नाही? मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज 1855 चं, पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज 1924 चं. पण बऱ्याच काळापर्यंत कायद्याचं शिक्षण म्हणजे आधी बीए, मग नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळचे वर्ग, आणि शिकवायला कोर्टातून थेट आलेले वकील. कलम, त्यातले घटक, त्यावरचे निवाडे. गुन्हा का घडला हे विचारायला त्या तासात जागा नव्हती, आणि विचारलं तरी त्याला मार्क नव्हते.

तो प्रश्न मुंबईत दुसऱ्याच घरात वाढला. 1936 मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. 1944 पासून ते टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. 1951-52 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून वॉल्टर रेकलेस हे अमेरिकन प्राध्यापक भारतातले तुरुंग पाहायला आले आणि तुरुंग म्हणजे सुधारणेची जागा असावी, असा अहवाल त्यांनी दिला. 1958 मध्ये परिवीक्षेचा कायदा आला. हा विषय शिकलेली माणसं लागणार होती ती तुरुंगात, सुधारगृहात, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या खुर्चीत. त्यामुळे गुन्हेगारीशास्त्र समाजकार्याचं झालं. याच परंपरेतून पुढे टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून मुंबईच्या तुरुंगात कच्च्या कैद्यांबरोबर काम करू लागला. पदवीच्या जाहिरातींत याचा उल्लेख क्वचितच दिसतो, पण माझ्या मते महाराष्ट्रात या विषयाचं सगळ्यांत भक्कम काम ते हेच.

विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला तो 1959 मध्ये, मध्य प्रदेशातल्या सागरला. ते विद्यापीठ उभारलं होतं हरिसिंग गौर यांनी: नागपूरला वकिली गाजवलेले, दंड संहितेवर मोठं भाष्य लिहिलेले, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. वकिलीतून जमवलेला पैसा त्यांनी या विद्यापीठात ओतला. 1949 मध्ये ते गेले, त्यामुळे हा विभाग काही त्यांनी पाहिला नाही. पण गंमत अशी, की एवढ्या मोठ्या फौजदारी वकिलाच्या विद्यापीठातही हा विषय पोलिसविद्या आणि न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) यांच्या पंक्तीला बसला, कायद्याच्या नाही.

सांधा जुळला तो शेवटी कोर्टात. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 235(2) आलं: सत्र खटल्यात आरोपी दोषी ठरला की शिक्षा सुनावण्याआधी त्याचं त्याबाबत वेगळं ऐकून घ्यायचं. 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणांपुरती ठेवली आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा, असं सांगितलं. म्हणजे पुरावा कायद्यानं दाराबाहेर ठेवलेला ‘हा माणूस कसा आहे’ हा प्रश्न शिक्षेच्या वेळी रीतसर आत आला. त्याचं उत्तर द्यायचं शिक्षण मात्र वकिलाला नव्हतं. सत्र न्यायालयात ही सुनावणी कशी होते ते ज्यानं पाहिलंय त्याला ठाऊक आहे. दोषी ठरवल्याचा निकाल होतो, आरोपीला पिंजऱ्यात उभं करतात, आणि वकील उठून म्हणतात: घरातला एकटा कमावता आहे, आईवडील म्हातारे आहेत, लहान मुलं आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया व्हावी. रोजनाम्यात दोन ओळी पडतात. जन्मठेप की फाशी, याचा निर्णय तेवढ्यावर.

मे 2022 मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच पद्धतीवर बोट ठेवलं. आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वागणं ही माहिती खालच्या कोर्टातच गोळा झाली पाहिजे, असं त्यात आहे. खंडपीठाचे अध्यक्ष न्या. उदय लळित, मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचेच विद्यार्थी. असा अहवाल तयार करायला कायदा आणि माणूस दोन्ही वाचता येणारं कुणीतरी लागतं, आणि जोडपदवीची खरी गरज मला तिथे दिसते.

तोवर शिक्षणाची चौकटही बदलली होती. 1982 मध्ये बार कौन्सिलनं बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा निर्णय घेतला. पुण्यात बीएसएल एलएलबी, मुंबईत बीएलएस एलएलबी ही नावं त्यातून आली. कायद्याचे शिक्षणतज्ज्ञ माधव मेनन यांच्या बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयानं 1988 पासून तो अभ्यासक्रम निवासी स्वरूपात राबवला, आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय कायद्याच्या वर्गात मानानं बसले. 2008 च्या नियमांतला गुन्हेगारीशास्त्राचा गट हा त्याचाच पुढचा टप्पा.

अलीकडे या सगळ्यावर न्यायवैद्यकाची लाट आली आहे. 2020 मध्ये गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ झालं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी तज्ज्ञ जाण्याची तरतूद केली, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत देऊन. नोकऱ्या तिथे निघतील. पण डीएनए आणि मोबाइलचा डेटा वाचणं हे न्यायवैद्यक. एका वस्तीतली पोरं का पकडली जातात आणि दुसरीतली का सुटतात, हे गुन्हेगारीशास्त्र. जाहिरातींत दोन्ही एकाच ओळीत छापतात, म्हणून प्रवेश घेताना पेपरांची यादी मागून घ्यावी.

वकिलीची सनद मिळते ती एलएलबीवर, गुन्हेगारीशास्त्रासाठी अशी सनद नाही. इंग्लंडात जोडपदवी करून परत येणाऱ्यानं आपलं विद्यापीठ आणि अभ्यासक्रम बार कौन्सिलला मान्य आहे का, हे जाण्याआधीच पाहावं. परतल्यावर पात्रता परीक्षा द्यावी लागते ती वेगळीच.