फॅसिलिटेटर हवा की कन्सल्टंट?

संस्थेचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायचा ठरला की कार्यकारिणीत कुणीतरी म्हणतं, "बाहेरचा माणूस बोलवू." मग बोलावलं जातं फॅसिलिटेटरला आणि अपेक्षा ठेवली जाते कन्सल्टंटची.

कन्सल्टंटला पैसे मिळतात ते उत्तराचे. तो हिशेब तपासतो, तुमच्यासारख्या इतर संस्था काय करतात ते पाहतो आणि शिफारस करतो. वसतिगृह आणखी पाच वर्षं परवडेल का, परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, काय करावं लागेल, हे जाणकाराचे प्रश्न. चर्चेने ते सुटत नाहीत.

फॅसिलिटेटर उत्तर देत नाही. तो सांभाळतो चर्चेची रीत. आपल्याकडे याची गरज जरा जास्तच, कारण बहुतेक संस्थांत एक 'ताई' किंवा 'सर' असतात आणि ते बोलले की बाकीचे माना डोलावतात. म्हणून चांगला फॅसिलिटेटर आधी प्रत्येकाला गप्प बसून कार्डावर लिहायला लावतो, मग ती कार्डं भिंतीवर लावून सगळ्यांकडून त्यांचे गट पाडून घेतो. ताईंचं कार्ड आणि नव्या कार्यकर्त्याचं कार्ड शेजारीशेजारी येतं. (हस्ताक्षर ओळखणारे ओळखतातच!)

ही रीत रुजवण्यात मूळच्या शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्सचा मोठा वाटा. सत्तरच्या दशकात ही मंडळी दौलताबादजवळच्या माळीवाड्यात गावकऱ्यांसोबत काम करत होती. त्यांच्या नियोजनात आधी स्वप्न, मग अडथळे, मग दिशा आणि शेवटी कामाची वाटणी. घाईत गाळला जातो तो अडथळ्यांचा टप्पा, आणि खरं दुखणं तिथेच असतं. 'निधी नाही' हे कुणीही लिहितं. 'सगळे निर्णय एकाच टेबलावर अडतात' हे लिहायला धीर लागतो.

फॅसिलिटेटर तटस्थ हवा, पण तटस्थ म्हणजे बिनमताचा नव्हे. निर्णय कोणताही झाला तरी त्यात त्याचं काही अडकलेलं नसावं, एवढंच. त्यामुळे विश्वस्तांपैकी कुणी कितीही कुशल असला तरी त्याने हे काम घेऊ नये. देणगीदाराच्या अधिकाऱ्याने तर नाहीच. अनुदान ज्याच्या हातात, त्याच्यासमोर अडथळ्यांची कार्डं कोरीच राहतात.

दोघेही लागणार असतील तर कन्सल्टंटचा अहवाल आधी घ्या, सगळ्यांना वाचायला द्या आणि मग बैठक लावा. नेमणुकीआधी दोघांनाही एकच प्रश्न विचारून पाहा: आमचा कोणता कार्यक्रम बंद करावा? कन्सल्टंट तुमचे ताळेबंद मागेल. फॅसिलिटेटर विचारेल, हे ठरवताना खोलीत कोण कोण असणार आहे?