ब्लॉकेज किती टक्के?

आपल्याकडे दोन ठिकाणचे टक्के विचारल्याशिवाय कुणाला राहवत नाही. एक दहावीचे आणि दुसरे अँजिओग्राफीचे. "मामांना ऐंशी निघाले." "अरे बापरे! आमच्या शेजारच्या काकांना तर नव्वद होते, तरी स्कूटरवर भाजी आणायला जायचे." मग थोडा वेळ शांतता, आणि कुणीतरी समजूतदारपणे म्हणतं, "आता उशीर कशाला? स्टेंट टाकून मोकळे व्हा."

या संवादात एकच माणूस शास्त्रीय बोलला आहे. स्कूटरवाल्या काकांची गोष्ट सांगणारा. नव्वद टक्के असूनही काका फिरत होते, हे कोडं सोडवण्यात हृदयरोगाच्या संशोधकांची बरीच वर्षं गेली आहेत.

मुळात हे टक्के आले कुठून? १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स नावाचे डॉक्टर एका तरुण रुग्णाच्या हृदयाच्या झडपेचं चित्रण करत होते. क्ष-किरणांत दिसणारा रंगद्रव सोडायचा होता महाधमनीत, पण नळी सरकली आणि तो जवळजवळ ३० मिलिलिटर द्रव थेट हृदयाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या वाहिनीत गेला. असं झालं तर माणूस जागीच जातो, असं तेव्हा डॉक्टर मानत. रुग्णाचं हृदय काही क्षण थांबलंही. सोन्स यांनी त्याला ओरडून खोकायला सांगितलं, तो खोकला आणि ठोके परत सुरू झाले. पडद्यावर मात्र जिवंत माणसाची हृदयवाहिनी फांद्यांसकट लख्ख उमटली होती. या अपघातातून आजची अँजिओग्राफी जन्मली.

एकदा चित्र दिसायला लागल्यावर त्यातला अरुंद भाग मोजावासा वाटणारच. ते माप बहुतेक वेळा डॉक्टरांच्या नजरेचं असतं आणि ते वाहिनीच्या व्यासाचं असतं. व्यास निम्मा झाला तर रक्ताला जायला जागा निम्मी उरत नाही, पाव उरते. हे ऐकून घाबरायला होतं. पण हृदयही हुशार आहे. पुढच्या बारीक वाहिन्या सैल करून ते प्रवाह भरून काढतं. लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की व्यास साधारण ८५ टक्के आकसेपर्यंत विश्रांतीच्या वेळचा प्रवाह कमी होत नाही. धावपळीत लागणारा जादा प्रवाह मात्र ५० टक्क्यांच्या आसपासच अडखळू लागतो. म्हणून जिना चढताना छातीत भरून येतं, आणि खाली बसलं की दोन-चार मिनिटांत ओसरतं. यालाच अँजायना म्हणतात.

आता नळ तुंबलाय म्हटल्यावर तो मोकळा करायचा, हे ओघानेच आलं. आंद्रेआस ग्रुंट्झिग या जर्मन डॉक्टरने झुरिकमधल्या आपल्या घराच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर बसून, बारीक नळीवर चढवायचे फुगे तयार केले. १६ सप्टेंबर १९७७ ला त्याने ३८ वर्षांच्या एका जाग्या रुग्णाच्या हृदयवाहिनीत असा फुगा फुगवला. १० वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही ती वाहिनी उघडी होती. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये फुग्याच्या जोडीला धातूची जाळी आली, तीच स्टेंट. तंत्र म्हणून हे सगळं अफाट आहे, यात वाद नाही. पण अरुंद जागा मोकळी केल्याने माणसाचं नेमकं किती भलं होतं, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर चित्रात दिसत नाही.

हा धडा वैद्यकाने आधी एकदा गिरवला होता. १९५० च्या दशकात अँजायनावर एक सोपी शस्त्रक्रिया फार गाजत होती. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या दोन रक्तवाहिन्या बांधून टाकायच्या, म्हणजे तिथलं रक्त हृदयाकडे वळेल. दारं धरणाऱ्या शेतकऱ्याला लगेच पटावा असा विचार होता, एका वाफ्याचं तोंड बांधलं की पाणी दुसऱ्या वाफ्यात जातं. रुग्ण बरे होत होते, गोळ्या कमी होत होत्या, सर्जन खूश होते. सिअ‍ॅटलच्या लेनर्ड कॉब यांना मात्र शंका होती. त्यांनी १७ रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या छातीवर छेद घेऊन वाहिन्या उघड्या केल्या, आणि मग टेबलावरच बंद पाकीट फोडलं. पाकिटात असेल त्याप्रमाणे ८ जणांच्या वाहिन्या बांधल्या आणि ९ जणांची नुसती कातडी शिवून टाकली. कुणाच्या वाहिन्या बांधल्या आणि कुणाच्या नाही, हे पुढे तपासणाऱ्या डॉक्टरला माहीत नव्हतं. १९५९ मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांत आराम पडला होता, आणि सारखाच. पुढच्याच वर्षी ग्रे डायमंड यांनी १८ रुग्णांवर असाच प्रयोग केला, त्यात नुसता छेद घेतलेल्या पाचही जणांना बरं वाटत होतं. ती शस्त्रक्रिया थोड्याच वर्षांत इतिहासजमा झाली. (या रुग्णांना नुसत्या छेदाची शक्यता सांगितलेली नव्हती. आज कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग करू देणार नाही.)

याच गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण करणारे परळच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे फार कल्पक सर्जन होते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात स्नायूला बरंचसं रक्त थेट हृदयाच्या कप्प्यातूनच मिळतं. मग माणसाच्या हृदयाच्या स्नायूला सुईने भोकं पाडली तर? सेन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हा विचार शोधनिबंधातून मांडला. पुढे सुईच्या जागी लेसर आला, रुग्ण सांगू लागले की छातीतलं दुखणं कमी झालं, आणि या पद्धतीची चलती सुरू झाली. २००५ मध्ये २९८ रुग्णांवरचा एक नीट बेतलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना लेसरने कमी भोकं पाडली, काहींना जास्त, आणि काहींना एकही नाही. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नव्हतं. तिन्ही गटांना सारखाच आराम पडला! सेन यांची कल्पना खुळचट होती असं मला म्हणायचं नाही. पटण्यासारखी कल्पना आणि खरी ठरलेली कल्पना यांत किती अंतर असतं, एवढंच यातून दिसतं.

बरं का वाटतं मग? एक तर आशा. दुसरं, माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं सगळ्यात वाढलेलं असताना, आणि चढलेलं दुखणं बऱ्याचदा आपोआपही उतरतं. तिसरं, हॉस्पिटलमधून आल्यावर तंबाखू सुटते, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, सून डब्यात कमी तेल घालते. या सगळ्याचं श्रेय मग छेदाला, लेसरला किंवा स्टेंटला मिळतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठासून सांगतो, नाहीतर अर्धवट वाचून कुणीतरी घरी बसायचा. हार्ट अटॅक हे वेगळं प्रकरण आहे. तिथे वाहिनीच्या भिंतीतली चरबीची गाठ अचानक फुटते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी मिनिटांत बंद होते. फुटणारी गाठ मोठीच असते असंही नाही. अटॅकच्या आधी ती जागा निम्मीसुद्धा अरुंद नव्हती, असं कितीतरी रुग्णांत आढळलं आहे. अशा वेळी ताबडतोब अँजिओप्लास्टी केली, म्हणजे फुगा-स्टेंटने वाहिनी मोकळी केली, तर जीव वाचतात, हे अनेक चाचण्यांनी सिद्ध झालं आहे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि बसूनही थांबत नाही, असं असेल तर ओवा-सोडा घेत बसू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

अटॅकवरच्या संशोधनातली १९८८ ची आयसिस-२ ही चाचणी आपल्या वाचकांना आवडेल अशी आहे. १७,१८७ रुग्ण, ४१७ हॉस्पिटलं. अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिलेल्यांत ५ आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने ८ टक्के दगावले, दोन्ही न दिलेल्यांत १३.२ टक्के. निबंध छापताना संपादकांनी आग्रह धरला, की वय, लिंग, जुने आजार अशा गटांनुसार फायदा वेगवेगळा दाखवा. संशोधकांनी तसं केलं, आणि गंमत म्हणून राशीनुसार एक हिशोबही जोडला. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच, असं त्यात निघालं! आकड्यांचे तुकडे पाडत गेलं की काहीही निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं. आपल्याकडे हा तक्ता कुणी गांभीर्याने घेतला नाही, हे नशीब.

आता वळू या ठराविक श्रमाने दुखणाऱ्या, रोजच्या, स्थिर अँजायनाकडे. २००७ ची करेज चाचणी: २,२८७ रुग्ण, निम्म्यांना चांगली औषधं, निम्म्यांना औषधं अधिक स्टेंट. साधारण साडेचार वर्षांत मृत्यू किंवा अटॅक स्टेंट गटात १९ टक्के, औषध गटात १८.५ टक्के. टीका झाली, की यात सौम्य रुग्ण आले असतील. मग ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवर, त्यात भारतातलेही होते, इस्किमिया चाचणी झाली. यांच्या तपासण्यांत हृदयाचा रक्तपुरवठा मध्यम ते तीव्र कमी पडत असल्याचं दिसलेलं होतं. सरासरी तीनएक वर्षांनी मृत्यू मोजले. आधीच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात १४५, आणि आधी औषधं देऊन वाट पाहिलेल्या गटात १४४. डाव्या मुख्य वाहिनीतच अडथळा असलेले किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी झालेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यांचा हिशोब वेगळा. आणि ज्यांना वारंवार दुखत होतं, त्यांचं रोजचं जगणं स्टेंट-बायपासने खरोखर सुधारलं.

पण हे सुधारणं कातडीवरच्या छेदासारखं तर नव्हतं? ४० वर्षं स्टेंट-फुगे घालूनही ही परीक्षा कुणी घेतली नव्हती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या रशा अल-लामी आणि सहकाऱ्यांनी ती घेतली. चाचणीचं नाव ऑर्बिटा. एकाच वाहिनीत ७० टक्के किंवा त्याहून जास्त अडथळा असलेले २०० रुग्ण, सगळ्यांना पूर्वकल्पना देऊन, संमती घेऊन. आधी ६ आठवडे औषधं नीट बसवली. मग कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, रुग्णाच्या कानाला हेडफोन, त्यात संगीत, गुंगीचं औषध. निम्म्यांना स्टेंट टाकला. बाकीच्यांना किमान १५ मिनिटं तसंच टेबलावर ठेवून वॉर्डात पाठवलं. वॉर्डातल्या नर्सना, डॉक्टरांना काही कल्पना नाही. ६ आठवड्यांनी सगळ्यांना ट्रेडमिलवर चालवलं. स्टेंटवाले पूर्वीपेक्षा २८ सेकंद जास्त चालले, बिनस्टेंटवाले १२ सेकंद. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता.

यातली खरी विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. अडथळ्याच्या पुढे-मागे रक्ताचा दाब मोजणारी बारीक तार असते. दोन्हींचं गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी भरलं तर अडथळा खरोखर आड येतोय असं समजतात. ऑर्बिटातल्या रुग्णांत ते सरासरी ०.६९ होतं, स्टेंटनंतर ०.९० झालं. म्हणजे नळ खरंच मोकळा झाला, पाणी खरंच वाढलं, पण घरातल्या माणसाला ते फारसं जाणवलं नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑर्बिटा छापून आली. चर्चा आपल्याकडे झाली ती किमतीची. स्वस्त झालेली वस्तू कधी लागते आणि कधी नाही, यावर वर्तमानपत्रांनी त्या मानाने कमी शाई खर्च केली.

अल-लामी यांच्याच गटाने २०२३ मध्ये दुसरी बाजूही तपासली. ऑर्बिटा-२ मध्ये ३०१ रुग्णांच्या अँजायनाच्या गोळ्या बंद करून तोच खेळ केला. या वेळी स्टेंट जिंकला. १२ आठवड्यांनी स्टेंटवाले दुसऱ्या गटापेक्षा जवळपास १ मिनिट जास्त चालत होते, आणि दुखणं पूर्ण थांबलेले साधारण ४० टक्के होते, दुसरीकडे १५. ज्याला गोळ्या सोसत नाहीत किंवा आयुष्यभर नको आहेत, त्याच्यासाठी स्टेंट हा रास्त पर्याय आहे. पण उरलेले ६० टक्के? त्यांची वाहिनी उघडी होती आणि छाती अधूनमधून दुखतच होती.

कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं झाड चित्रात दिसतं तेवढंच नसतं. केसाहून बारीक अशा असंख्य फांद्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत, आणि त्या नीट सैल झाल्या नाहीत किंवा मोठ्या वाहिनीला अचानक पेटका आला तरी दुखतं. ग्लासगोच्या कॉलिन बेरी यांच्या गटाने २०१८ मध्ये असे १५१ रुग्ण तपासले, ज्यांना अँजायना होता पण मोठा अडथळा एकही नव्हता. त्यांत पाऊणएक बायका होत्या. आपल्याकडे अशा बाईला रिपोर्ट हातात देऊन "काही नाही, गॅसेस आहेत, टेन्शन घेऊ नका" म्हणतात. इथे सगळ्यांच्या बारीक वाहिन्यांची तपासणी केली, पण निम्म्यांचेच निकाल त्यांच्या डॉक्टरांना कळवले. दर दहांतल्या जवळपास नऊ जणांत मोजता येणारा दोष निघाला. ज्यांच्या डॉक्टरांना तो कळला, त्यांनी औषधं त्यानुसार बदलली, आणि ६ महिन्यांनी त्या रुग्णांचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं. ब्लॉकेज विचाराल तर कागदावर त्यांतल्या कुणाचंच दखल घेण्याजोगं नव्हतं.