पळून गेलेल्या मुलांच्या परतीची टीव्ही नाट्ये

घर सोडून पळालेली किशोरवयीन मुलगी (क्वचित मुलगा) काही महिन्यांनी परत येते आणि त्यानंतर त्या घराचे काय होते, ही गोष्ट सांगणारा टीव्हीवरील कथाप्रकार. तो भरात होता १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत, आणि त्याचे मुख्य रूप होते टेलिफिल्म, म्हणजे खास टीव्हीसाठी बनवलेला चित्रपट. पळून जाणे सोपे, परतणे कठीण, हे या प्रकाराचे मूळ सूत्र. गंमत अशी की बहुतेक टेलिफिल्मनी नेमके तेच टाळले. रस्त्यावरचे धोके तासभर रंगवून दाखवायचे आणि मुलीने घराची घंटा वाजवली की श्रेयनामावली सुरू करायची, असा रिवाज पडला होता. मोजक्याच कृतींनी गोष्ट त्या घंटेपासून सुरू केली. आज मुद्दाम शोधून पाहाव्यात त्या याच.

कथेचा सांगाडा जुनाच आहे. बायबलमध्ये लूककृत शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात बाप मुलाला लांबूनच पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो आणि एकही प्रश्न विचारत नाही. टीव्हीवरचा बाप मात्र विचारतो, किंवा विचारायचे टाळतो आणि ते टाळणे सगळ्यांना ऐकू येते. दृष्टांतात रुसून बाहेर उभा राहणारा थोरला भाऊ असतो. इथे त्याची जागा बहुधा धाकट्या भावंडाने घेतलेली दिसते. ते रुसत नाही, निरखत असते.

पार्श्वभूमी

१९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-ॲशबरी या हिप्पींच्या भागात देशभरातून हजारो तरुण येऊन थडकले. त्यांत अल्पवयीन मुलेही पुष्कळ होती. त्यांच्यासाठी त्याच वर्षी जूनमध्ये तिथे ‘हकलबेरी हाउस’ हे निवारागृह सुरू झाले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात अल्पवयीन मुलाने घर सोडणे हाच एक गुन्हा होता. मोठ्या माणसाने केले तर कोणी बोट उचलणार नाही, पण वय कमी म्हणून अटक होऊ शकते, अशा कृत्यांपैकी ते एक. त्यामुळे पळालेल्या मुलीपुढे दोनच वाटा असत : रस्ता नाहीतर सुधारगृह.

ऑगस्ट १९७३ मध्ये टेक्ससमधील ह्यूस्टन शहरातले हत्यासत्र उघडकीस आले. बळी पडलेल्या २७ मुला-तरुणांचा तेव्हा छडा लागला. त्यांपैकी अनेकांचे आईबाप आधीच पोलिसांकडे जाऊन आले होते आणि ‘पळून गेला असेल’ एवढे ऐकून परतले होते. या प्रकरणाच्या धक्क्याने कायद्याला गती मिळाली. ७ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या बालगुन्हेगारी प्रतिबंधक कायद्यात पळालेल्या मुलांच्या निवाऱ्यांसाठी पैशांची तरतूद झाली आणि निव्वळ घर सोडले म्हणून मुलांना कोंडून ठेवू नये, असे धोरण आले. शिकागोत १९७१ मध्ये स्थानिक पातळीवर सुरू झालेली दूरध्वनी मदतवाहिनीही याच सुमारास देशव्यापी झाली. तिचे एक काम फार नाजूक होते. मूल कुठे आहे हे न सांगता त्याचा निरोप घरी पोचवायचा आणि घरचा निरोप त्याला द्यायचा.

टेलिफिल्मनी तो निरोप उचलला आणि त्याचा फोन केला. रस्त्याकडेचा फोनबूथ, हातात चिल्लर, पलीकडे आईचा ‘हॅलो’. मुलगी बोलत नाही. आई दोनदा हॅलो म्हणते, मग एकदम आवाज उतरवून मुलीचे नाव घेते, आणि फोन ठेवला जातो. या प्रकाराची एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी तो ओळखता येतो. बेतलेले असूनही हे दृश्य फसत नाही, कारण प्रेक्षक ते पाहत असतो आपल्याच दिवाणखान्यात, जिथे फोन हाताच्या अंतरावर असतो.

चौकट आणि चेहरे

एबीसी वाहिनीने १९६९ मध्ये ‘मूव्ही ऑफ द वीक’ हे साप्ताहिक सदर सुरू केले. वेळ दीड तासाची, जाहिराती वजा जाता चित्रपट सुमारे सव्वा तासाचा. दर दहा-पंधरा मिनिटांनी जाहिरात आणि तिच्याआधी प्रेक्षक खुर्चीला खिळेल असे काहीतरी. घर सोडणे, अनोळखी गाडीत बसणे, दलालाच्या हाती लागणे हे सगळे या मापात नीट बसते. परतलेल्या मुलीला सकाळी शाळेत जायचे असते आणि कोणते कपडे घालावेत हे सुचत नाही, हे बसत नाही. परतीचे दृश्य शेवटच्या पाच मिनिटांत का गुंडाळले जाई, याचे अर्धे उत्तर या मापात आहे. उरलेले अर्धे बहुधा असे, की प्रेक्षकांतल्या आईबापांना निजण्यापूर्वी दिलासा हवा असे.

भूमिकांसाठी चेहरे निवडण्यातही एक युक्ती होती. प्रेक्षकांनी ज्या मुलीला गोड, सरळ म्हणून घरात घेतले होते तिलाच रस्त्यावर उभे करायचे. ‘द फ्लाइंग नन’ या विनोदी मालिकेत १९७० पर्यंत उडती जोगीण झालेली सॅली फील्ड १९७१ मध्ये पळून परतलेली मुलगी झाली. ‘द ब्रेडी बंच’ या कौटुंबिक मालिकेतली मधली बहीण, म्हणजे ईव्ह प्लम, हिने एनबीसीच्या ‘डॉन : पोर्ट्रेट ऑफ अ टीनएज रनअवे’मध्ये (२७ सप्टेंबर १९७६) हॉलिवूडच्या फुटपाथवर पोचलेली पंधरा वर्षांची मुलगी साकारली. दिग्दर्शक होते रँडल क्लायझर. दोन वर्षांनी त्यांचा ‘ग्रीस’ हा संगीतपट आला. ‘डॉन’ला एवढा प्रतिसाद मिळाला की पुढच्याच वर्षी डॉनच्या मित्राची, अलेक्झांडरची बाजू सांगणारा दुसरा भाग निघाला. देहविक्रयात अडकलेला मुलगा त्या काळच्या टीव्हीवर नायक होणे ही साधी गोष्ट नव्हती.

परतीपासून सुरू होणाऱ्या गोष्टी

‘मेबी आय विल कम होम इन द स्प्रिंग’ (एबीसी, १६ फेब्रुवारी १९७१, दिग्दर्शक जोसेफ सार्जंट) ही या प्रकारातली पहिली महत्त्वाची कृती. हिप्पींबरोबर राहून डेनी (सॅली फील्ड) घरी येते ती सुरुवातीलाच. आईबापांच्या भूमिकांत एलिनॉर पार्कर आणि जॅकी कूपर आहेत. दोघेही वाईट नाहीत, आणि हीच अडचण आहे. मारझोड नाही, दारू नाही. आहे ते नीटनेटके घर आणि त्या घराची रीत. त्या रीतीत डेनीने कुठे उभे राहावे हे कोणालाच ठाऊक नाही. मागच्या आयुष्याचे तुकडे मध्येच घुसतात, पार्श्वभूमीला लिंडा रॉन्स्टॅटचा आवाज येतो, तिकडचा मित्र (डेव्हिड कॅराडीन) तिच्या शोधात निघतो. खरा ताण मात्र धाकट्या बहिणीचा. ती त्याच वाटेला लागली आहे आणि थोरलीने ‘जाऊ नकोस’ म्हणायचे तर कोणत्या तोंडाने? ते सव्वा तासाचे माप पाळूनही ही टेलिफिल्म आजही जुनी वाटत नाही.

नऊ वर्षांनी आलेली ‘ऑफ द मिनेसोटा स्ट्रिप’ (एबीसी, १९८०, दिग्दर्शक लमाँट जॉन्सन) त्याहून कठोर आहे. नावातली ‘मिनेसोटा स्ट्रिप’ मिनेसोटात नाही. न्यूयॉर्कच्या आठव्या ॲव्हेन्यूच्या एका पट्ट्याला ते नाव पडले, कारण मध्यपश्चिमेतल्या राज्यांतून पळालेल्या मुली तिथे देहविक्रयासाठी उभ्या असत. त्या पट्ट्यावरून मिकी (मेर विनिंगहॅम) मिनेसोटातल्या आपल्या घरी परतते. ती कुठे होती हे आईला माहीत आहे, बापाला माहीत आहे, शाळेला माहीत आहे. बोलत कोणी नाही. हॅल होलब्रुक (बाप) आणि मायकल लर्नेड (आई) यांनी रंगवलेले आईबाप तिला घरात घेतात, पण घेतात म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. पटकथेला १९८० चा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. लेखक होते डेव्हिड चेस. पुढे १९९९ मध्ये त्यांनी ‘द सोप्रानोज’ ही माफिया कुटुंबाची मालिका आणली. कुटुंब एकत्र बसते आणि महत्त्वाचे तेवढे सोडून सगळे बोलते, ही त्यांची हातोटी तिथे नव्याने जन्मली असे समजणाऱ्यांनी मिकीची गोष्ट एकदा पाहावी.

वाद

‘बॉर्न इनोसंट’ (एनबीसी) प्रसारित झाली १० सप्टेंबर १९७४ रोजी, म्हणजे वरच्या कायद्यावर सही झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी. लिंडा ब्लेअरने साकारलेली चौदा वर्षांची क्रिस पुन्हा पुन्हा पळते म्हणून घरचे हात झटकतात आणि तिची रवानगी मुलींच्या सुधारगृहात होते. कायदा जे थांबवू पाहत होता तेच पडद्यावर दिसले. परंतु चर्चा त्याची झाली नाही, झाली ती सुधारगृहातल्या लैंगिक अत्याचाराच्या एका प्रसंगाची. त्या प्रसंगाचे अनुकरण करून आपल्यावर हल्ला झाला, असा दावा कॅलिफोर्नियातल्या एका बालिकेतर्फे वाहिनीवर दाखल झाला. वाहिनीने हल्ल्याला चिथावणी देण्याचा हेतू ठेवला नव्हता, म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वावर तो १९८१ मध्ये अपिलातही फेटाळला गेला. संध्याकाळचा पहिला तास कौटुंबिक कार्यक्रमांसाठी राखावा, हे १९७५ चे बंधन वाहिन्यांवर येण्यामागे जी ओरड होती तीत या टेलिफिल्मचाही हात होता. ते बंधन पुढच्या वर्षी न्यायालयात टिकले नाही.

‘गो आस्क ॲलिस’ची (एबीसी, १९७३) तऱ्हा वेगळी. एका अनामिक मुलीची खरी दैनंदिनी म्हणून १९७१ मध्ये गाजलेल्या पुस्तकावर ती बेतलेली होती. पुढे ते पुस्तक बिअॅट्रिस स्पार्क्स या प्रौढ लेखिकेचे मानले जाऊ लागले. पुस्तकातली मुलगी एकदा नव्हे, अनेकदा परतते आणि शेवटी मरते. मुलांनी मुलांविषयी लिहिलेले म्हणून जे समोर आले ते मोठ्यांनी मुलांना भीती घालण्यासाठी रचले होते, हा आक्षेप या सगळ्या प्रकारालाच थोडाफार लागू पडतो.

पळालेल्यांकडून पळवलेल्यांकडे

१९८३ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीसीने ‘ॲडम’ दाखवली : अपहरण होऊन मारल्या गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या आईबापांची खरी हकीकत. शेवटी बेपत्ता मुलांची छायाचित्रे पडद्यावर आली. १९८४ मध्ये बेपत्ता मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, दुधाच्या खोक्यांवर चेहरे छापले जाऊ लागले, आणि पळून गेलेले मूल मागे पडले. पळवून नेलेल्या मुलाबद्दल कोणाच्या मनात किंतु नसतो. स्वतःहून गेलेल्याबद्दल असतो, कारण त्याच्या जाण्यात घरावर एक आरोप दडलेला असतो, आणि तो ऐकायला टीव्ही फारसा उत्सुक नव्हता.

तरीही परतीचा विषय अपहरणाच्या कथांतून मागल्या दाराने आत आला. ‘आय नो माय फर्स्ट नेम इज स्टीव्हन’ (एनबीसी, १९८९, दोन भागांत) ही स्टीव्हन स्टेनर या मुलाची कथा. सात वर्षांचा असताना पळवला गेलेला स्टीव्हन १९८० मध्ये चौदाव्या वर्षी घरी आला. त्याला सिगारेट ओढायची, हवे तेव्हा यायची-जायची सवय लागलेली, आणि घरच्यांच्या डोळ्यांपुढे अजून दुसरीतला मुलगा.

मालिकांमध्ये

मालिकेला सव्वा तासाची घाई नसते, त्यामुळे परतीसाठी ती अधिक सोयीची. बीबीसीच्या ‘ईस्टएंडर्स’ या मालिकेत फ्रँक बुचरची मुलगी डायन घर सोडून लंडनच्या रस्त्यांवर राहते आणि १९९० मध्ये परतते. त्यानंतरही ती मालिका जिथे घडते त्याच चौकात वावरताना प्रेक्षकांना दिसत राहिली. टेलिफिल्मला हे शक्यच नव्हते.

एबीसीच्या ‘माय सो-कॉल्ड लाइफ’ने (१९९४-९५, १९ भाग) एक दुरुस्ती केली. तिच्यातला रिकी पळालेला नाही. त्याला मारून घराबाहेर काढले आहे, आणि नाताळच्या भागात तो थंडीत रस्त्यावर आहे. भूमिका करणारा विल्सन क्रूझ यालाही समलिंगी असल्याचे सांगितल्यावर वडिलांनी नाताळाच्या सुमारास घराबाहेर काढले होते. ‘घरी परत जा’ हे वाक्य अशा मुलाला कोणी सांगायचे? मालिकेनेही ते सांगितले नाही. रिकीला अखेर आसरा मिळाला तो एका शिक्षकाच्या घरी.

याच सुमारास, १९९५ पासून, शिकागोत सुरू झालेली ती मदतवाहिनी आणि ग्रेहाउंड बस कंपनी यांनी मिळून पळालेल्या मुलांना घरी परतण्यासाठी मोफत तिकीट द्यायला सुरुवात केली. टेलिफिल्मची शेवटची चौकट बहुधा अशीच : बसची काच, तिला टेकलेले डोके, मागे पडणारे शहर. तिकीट मिळण्याची अट मात्र पटकथेत सहसा नसते. मुलाला परत जायचे असले पाहिजे, आणि पलीकडे त्याला घ्यायला कोणीतरी तयार असले पाहिजे.