पार्श्वभूमी: जपानी मेपल आणि ‘डिसेक्टम’ या नावाचा गुंता

जपानी मेपल या शोभेच्या झाडाला त्याच्या मायदेशात दोन नावे आहेत. ‘काएदे’ हे नाव ‘बेडकाचा हात’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आले, तर ‘मोमिजी’ हे शरदात पाने रंगण्याच्या क्रियेवरून. बागांमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या जातीला ‘इरोहा मोमिजी’ म्हणतात, कारण तिच्या पानाची सात बोटे ‘इ, रो, हा, नि, हो, हे, तो’ अशी जपानी अक्षरमालेच्या जुन्या क्रमाने मोजली जात. एडो (आजचे टोकियो) शहराजवळच्या सोमेई गावातील रोपवाटिकांनी या झाडाचे वाण जोपासले आणि तिथल्याच एका माळ्याच्या 1710 सालच्या ग्रंथात 36 वाणांची नोंद झाली.

खरा गुंता 1784 मध्ये सुरू झाला. जपानमध्ये राहून आलेल्या एका स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या वर्षी इरोहा मोमिजीचे ‘एसर पामाटम’ हे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले आणि त्याच वेळी जाळीसारख्या चिरलेल्या पानांच्या झाडाला ‘एसर डिसेक्टम’ ही वेगळी जात ठरवले. पुढे ही जात पामाटममध्येच सामावली गेली. मात्र ‘डिसेक्टम’ हे नाव नैसर्गिक उपप्रकाराचे म्हणून ग्रंथांत टिकून राहिले. हा नैसर्गिक उपप्रकारच नाही, हा लागवड करणाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. नैसर्गिक उपप्रकार म्हटला की त्याचे गुण बियांतून बऱ्याच अंशी उतरावेत. परंतु डिसेक्टमच्या बियांपासून आलेल्या रोपांपैकी अनेकांची पाने साधी, हाताच्या आकाराचीच निघतात. हापूसची कोय लावून हापूसच मिळेल याची खात्री जशी कोणी देत नाही, तसेच हे आहे. म्हणून डिसेक्टम हा निसर्गातला उपप्रकार नसून माणसाने निवडून कलमांनी टिकवलेल्या वाणांचा गट आहे, हे मत मला अधिक पटते. ‘एट्रोपुर्पुरियम’ (गडद जांभळट-लाल पानांचे) या नावाची अवस्था त्याहून वाईट आहे, कारण ते पुष्कळदा बियांपासून वाढवलेल्या कोणत्याही लाल रोपाला लावले जाते.

लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाची पहिली आंतरराष्ट्रीय संहिता 1953 मध्ये आली आणि 1 जानेवारी 1959 पासून नव्या वाणांना लॅटिन नावे देणे बंद झाले, पण जुनी नावे कायम राहिली. दुसऱ्या महायुद्धात जपानमधील कित्येक संग्रह उद्ध्वस्त झाले होते; त्यानंतरच्या दशकांत अमेरिकेतील ओरेगॉनमधल्या एका संग्राहकाने जपानी व पाश्चात्त्य नावांची पडताळणी करून 1978 मध्ये पुस्तक काढले. एकाच झाडाची अनेक नावे आणि एकाच नावाची अनेक झाडे हा घोळ त्यामुळे पुष्कळ कमी झाला. आज नोंदलेल्या वाणांची संख्या हजाराच्या पुढे आहे.

नावाचा हा प्रश्न प्रत्यक्ष निगराणीशी जोडलेला आहे. डिसेक्टम वाणांचे कलम बहुधा साध्या हिरव्या पामाटमच्या खुंटावर बांधतात. या वाणांच्या फांद्या खाली झुकत असल्यामुळे कलम किती उंचीवर बांधले आहे यावर झाडाचा आकार बराचसा ठरतो, आणि बारीक चिरलेली पाने दुपारच्या उन्हाने व कोरड्या वाऱ्याने कडेने लवकर करपतात. मुळे उथळ असल्याने जमीन निचऱ्याची हवी आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. झाडाला हिवाळ्यात थंडीतली विश्रांतीही लागते; लिची आणि रिठा ही त्याच्याच कुळातली मंडळी असली, तरी महाराष्ट्राच्या सखल भागात त्याचा निभाव लागत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे खुंटाचे असतात. ते वेळीच मुळाशी काढले नाहीत, तर काही वर्षांत मूळचा वाण दबून जातो आणि डिसेक्टम म्हणून घेतलेल्या झाडावर साधी हिरवी पाने दिसू लागतात.